वाढवलेला ज्वालामुखी

डॉ. रंगनाथन बाईंनी धुपाईच्या पायथ्याचा एक काळा दगड उचलला, पदराने पुसला, क्षणभर उन्हात धरला आणि चाटला.

आमच्या मागे निम्मं धुपखेडं उभं होतं. पुढच्या बायकांनी डोक्यावरचा पदर सारखा करून हात जोडले. गावातली सगळ्यात वयस्क बाई म्हणजे तानूबाई. ती शेजारणीला म्हणाली, "बघ. एवढी शिकलेली, मद्रासची बाई, पर आईचा दगुड जिभेला लावल्याबिगर पाऊल पुढं टाकलं न्हाई. आन् आमच्या सुना बघा."

बापूसाहेब डुबल माझ्या कानाशी आले. "घाडगे, हे काय चाललंय?"

"ओला झाला की दगडातले कण नीट दिसतात," मी म्हणालो. "माती असली तर जिभेला चिकटते. भूगर्भशास्त्रात चाटतात."

"तुम्ही भूगोल शिकवता. तुम्हाला कधी चाटताना बघितलं नाही."

"मी हंगामी आहे," मी म्हणालो.

हे खरं होतं. पंचाऐंशी सालचा तो पौष महिना. श्री धुपाई कला व वाणिज्य महाविद्यालयात मी भूगोलाचा हंगामी प्राध्यापक होतो. एप्रिलात माझी नोकरी संपायची आणि जूनमध्ये बापूसाहेबांना माझी आठवण झाली तर परत सुरू व्हायची. बापूसाहेब शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष, नगरपालिकेचे अध्यक्ष आणि धुपाई देवस्थानचे मुख्य पंच होते. तिन्ही बैठका ते एकाच खुर्चीत बसून घेत. कधीकधी तिघांचं आपसांत जमत नसे, तेव्हा निर्णय लांबणीवर पडे.

मला कायम व्हायची घाई होती, कारण विट्याच्या श्रीपतराव साबळे मास्तरांची मुलगी शालन मी पाहून आलो होतो. पसंती दोन्हीकडून होती. अडचण मास्तरांची होती. ते मराठीचे निवृत्त शिक्षक, त्यामुळे शब्द ऐकून घेत नसत, तपासून घेत. "हंगामी" हा शब्द ते असा उच्चारत की मला स्वतःला वास यायला लागल्यासारखं वाटे. अक्षय तृतीयेपर्यंत कायम झाल्याचं सांगायला या, ते म्हणाले होते, नाहीतर कराडला बँकेतला एक मुलगा आहे. तो मुलगा मी एकदा लांबून पाहिला होता. तो चेहऱ्यानेसुद्धा कायम होता.

तर माझं लग्न जिच्यावर अडलं होतं ती नोकरी बापूसाहेबांवर अडली होती, आणि बापूसाहेब ज्वालामुखीवर अडले होते.

धुपखेड्याच्या एका अंगाला धुपतळं आणि दुसऱ्या अंगाला धुपाईचा डोंगर. हिवाळ्याच्या सकाळी डोंगराच्या माथ्यातून धुराची एक रेघ निघे आणि तळ्यावरच्या धुक्यात मिसळे. आई आत धूप जाळते, असं गाव पिढ्यान्‌पिढ्या समजत आलं. मग इंग्रजांच्या अमदानीत कुणी एक साहेब घोड्यावरून जाताना ती रेघ पाहून "व्होल्कॅनो" म्हणाला म्हणे. तो घोड्यावरून उतरलाही नव्हता. पण गावाने तो शब्द धरून ठेवला. मी गेलो तेव्हा गावात ज्वालामुखी टी हाऊस होतं, ज्वालामुखी बँड होता, लाव्हा हेअर कटिंग सलून होतं, आणि ज्वालामुखी सहकारी पतसंस्थेत लोक नाव वाचूनसुद्धा ठेवी ठेवत होते. तळं म्हणजे ज्वालामुखीचं मुख, असं पहिलीतलं पोर सांगे. पर्यटनस्थळाचा दर्जा तेवढा मिळायचा राहिला होता.

तो मिळवायला बापूसाहेब मुंबईला गेले आणि तिथे मंत्र्यांना सांगून आले की आमचा ज्वालामुखी जागृत आहे. परत आल्यावर त्यांनी हे मला सांगितलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलो होतो.

"जागृत म्हणजे आग ओकणारा, बापूसाहेब."

"देवी जागृत आहे की नाही?"

"आहे."

"बसते कुठं?"

"डोंगरावर."

"मग ती जागी आणि डोंगर झोपलेला, असं कसं होईल?"

याला भूगोलात उत्तर नव्हतं. मंत्र्यांकडे मात्र होतं. त्यांनी खात्री करायला सरकारी भूगर्भशास्त्रज्ञ पाठवला, आणि आल्या या डॉ. कमला रंगनाथन. बुटक्या, काटक, कमरेला हातोडी. बाईंना मराठी येत नव्हतं, हिंदी त्यांनी तत्त्व म्हणून शिकलेलं नव्हतं, आणि बापूसाहेबांचं इंग्रजी दोन वाक्यांत संपलं. म्हणून दुभाषी म्हणून मला बाईंच्या मागे लावण्यात आलं. शुक्रवारी आठवडी बाजार, त्या दिवशी देवळाच्या पटांगणात सभा, बाई निष्कर्ष सांगणार आणि मी मराठीत करणार, असं ठरलं.

"शुक्रवारी चांगलं निघू द्या," बापूसाहेब म्हणाले, "जूनपासून तुम्ही कायम."

"आणि वाईट निघालं तर?"

"आईच्या अंगणात वाईट बोललेलं मी आजवर ऐकलेलं नाही," बापूसाहेब म्हणाले. "तुम्हीही ऐकवू नका."

पुढचे दिवस मी दगडांची पिशवी घेऊन बाईंच्या मागे हिंडलो. बाई कमी बोलत. दगड उचलत, फोडत, चाटत, आणि बहुतेक दगड माझ्या पिशवीत टाकत. मागे मागे येणारी मंडळी त्या चाटतील तिथे नमस्कार करत. दुसऱ्या दिवसापासून काही ठिकाणी हळदकुंकू दिसायला लागलं.

तळ्यावर बाई जास्त रेंगाळल्या. पाणी उतरलं होतं, काठाचा खडक उघडा पडला होता. बाईंनी त्यावरून हात फिरवला आणि मला फिरवायला सांगितला. हाताला छिन्नीचे घाव लागले, शेजारी शेजारी, सरळ रेघेत. मग त्या मला डोंगरावरच्या देवळात घेऊन गेल्या आणि मागच्या भिंतीवर माझा हात ठेवला. तोच दगड, तेच घाव. हे देऊळ बांधायला जिथून दगड काढला त्या खड्ड्यात पुढे पाणी साठलं. आमच्या ज्वालामुखीचं मुख ही देवळाची खाण होती. मी आजूबाजूला पाहिलं. सुदैवाने बाई इंग्रजीत बोलल्या होत्या.

राहिला धूर. त्यासाठी एका सकाळी आम्ही उजाडताच डोंगर चढलो. धुपखेड्यात थंडीत त्या वेळी कुणी अंथरुणाबाहेर येत नाही. गावाच्या इतिहासात हा प्रश्न आजवर का सुटला नव्हता ते मला चढतानाच कळलं. माथ्यावर देवळाच्या मागे जोती गुरव उकिडवा बसून तांब्याच्या बंबात ओली लाकडं कोंबत होता. बंबातून धुराचा लोट निघत होता, वर जाऊन बारीक होत होता, आणि खालून पाहणाऱ्याला देवी धूप जाळत होती.

मी विचारलं, हे रोज असतं का.

"थंडीत असतंय," जोती म्हणाला. "आंघूळ केल्याबिगर गाभाऱ्यात जाता येतंय व्हय? उन्हाळ्यात गार पाण्यानं भागतंय."

उन्हाळ्यात देवी शांत असते, हे मी महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात स्वतः लिहिलं होतं.

"जोतीबा, खाली गाव याला ज्वालामुखी म्हणतं. हे तुम्हाला ठाऊक आहे?"

"हाय की."

"मग कधी बोलला नाहीत?"

"काय बोलू? मी आंघूळ करतो म्हनून सांगत हिंडू? म्हंजे आधी करत नव्हतो का, म्हनून इचारतील."

बाईंनी विचारलं, हा काय म्हणतो. मी सांगितलं. त्यांनी बंबाकडे पाहिलं, जोतीकडे पाहिलं, आणि आल्यापासून पहिल्यांदा हसल्या.

उतरताना मी त्यांच्यापाशी विषय काढला. शालनचं नाव घेतलं नाही, पण बाईंना बहुधा कळलं. मी म्हणालो, निदान निद्रिस्त तरी म्हणता येईल का? झोपलेला. गाव समजून घेईल.

बाई म्हणाल्या, झोपलेला म्हणायला आधी तो असावा लागतो. हा डोंगर ज्वालामुखी नव्हता आणि नाही. जमिनीला लांब लांब भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा आला आणि थरावर थर साचत गेला. तो सगळ्या मुलखावर आहे. तुमचं पुणं त्याच्यावर आहे, तुमचं विटं त्याच्यावर आहे. आजूबाजूचं झिजून गेलं, एवढा डोंगर उरला. आणि ती आग साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपली. एक्स्टिंक्ट. उद्या मी हेच सांगणार, आणि तुम्ही यातला एकही शब्द बदलायचा नाही. मला मराठी येत नसलं तरी माणसाचा चेहरा वाचता येतो.

विटं मी त्यांना कधी सांगितलं होतं ते मला आठवेना.

शुक्रवारी देवळाच्या पटांगणात माणूस मावत नव्हता. बाजार तसाच टाकून लोक आले होते. पुढे तानूबाई आणि बायका, खांबाला टेकून दत्तू लोहार. दत्तूचं ज्वालामुखी सायकल मार्ट होतं आणि पंक्चर काढता काढता तो जिल्ह्याच्या दैनिकाला बातम्या पाठवत असे. बापूसाहेब मधल्या खुर्चीत. मागे गाभाऱ्याचं दार उघडं, आत धुपाई.

बाईंनी सांगितलं, मी मराठीत केलं. भेगा सांगितल्या, थर सांगितले. सगळा महाराष्ट्र लाव्ह्यावर बसला आहे म्हणालो तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाकीच्या महाराष्ट्राला आपल्यात घेतल्याबद्दल त्या असाव्यात. धुराचं बाईंनी टाळलं. जोतीने त्यांना सकाळी भाकरी आणि ठेचा खायला घातला होता.

मग त्या शेवटच्या वाक्याशी आल्या, माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "एक्स्टिंक्ट."

पटांगण माझ्याकडे पाहत होतं. भूगोलाच्या पुस्तकात या शब्दाला "मृत" म्हणतात. माझ्या पाठीमागे गाभारा होता. उघड्या दारासमोर, कुंकू ल्यालेल्या बायकांसमोर, देवीच्या अग्नीला मेला म्हणायचं, ते मला जमेना. विझला म्हणावं, तर आमच्या घरी तेवढं दिव्याला म्हटलं तरी आई तोंडावर हात ठेवी. बाई माझा चेहरा वाचत होत्या. बापूसाहेबही वाचत होते. मला घर आठवलं. आईची बांगडी फुटली की ती काय म्हणे ते आठवलं. वाणी संध्याकाळी फळ्या लावताना काय म्हणतो ते आठवलं.

"हा ज्वालामुखी," मी म्हणालो, "आईनं वाढवलेला आहे."

मग सगळ्या पटांगणाच्या माना एकदम हलल्या. बांगडी फुटत नाही, वाढवतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. धुपखेड्यात एकाही माणसाला वेगळं काही वाटलं नाही.

तानूबाईने विचारलं, "कवा वाढवला?"

"साडेसहा कोटी वर्षांपूर्वी."

"मग बरं," ती म्हणाली. "सुतक फिटलं आसंल."

बाईंनी मला विचारलं, बरोबर सांगितलंत? मी म्हणालो, शब्दशः. यात खोटं काहीच नव्हतं. बापूसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर अध्यक्ष, नगराध्यक्ष आणि पंच असे तिघे एकामागून एक येऊन गेले, पण कुणीच थांबलं नाही. शेवटी त्यांनी जोतीला खूण केली आणि सभेच्या सांगतेचा नारळ वाढवला.

दत्तूने संध्याकाळी पोस्टातून दैनिकाला फोन लावला. तो शेवटपर्यंत शपथेवर सांगत असे की त्याने "वाढवला" असंच सांगितलं होतं, आणि त्याचं मला खरं वाटतं. तिकडे घेणारा उपसंपादक शहरातला असावा, आणि त्याच्या घरी बांगड्या फुटत असाव्यात. शनिवारी सकाळच्या पहिल्या गाडीने अंक आले. पहिल्या पानावर, डोक्यावर, ठळक: "धुपखेड्याचा ज्वालामुखी वाढला. शास्त्रज्ञांची जाहीर सभेत कबुली."

त्याच सकाळी डोंगरावर आणखी एक गोष्ट झाली होती. रंगनाथन बाई सभेच्या आदल्या दिवशी वर देवस्थानच्या खोलीत राहायला गेल्या होत्या. इतके दिवस त्या गार पाण्याने अंघोळ करत. सभेत वाऱ्यावर बसून त्यांना सर्दी झाली, म्हणून त्यांनी जोतीला खुणेनेच गरम पाणी मागितलं. बाईमाणसाला न्हायला पाणी जास्त लागतं, असा विचार करून जोतीने बंबाच्या जोडीला भंडाऱ्याची कढई चुलवणावर चढवली आणि खाली ओली बाभूळ लावली.

नऊच्या सुमाराला तीन एस्टी गाड्या आणि पुढे एक जीप घेऊन प्रांतसाहेब गावात आले, तेव्हा धुपाईच्या माथ्यावर कधी नव्हे असा धूर होता.

प्रांतसाहेब म्हणजे सुंदरम नावाचे तरुण अधिकारी. दक्षिणेकडचे, नुकतेच रुजू झालेले. त्यांनी मराठी पुस्तकातून शिकून घेतलं होतं आणि ते कुठेच सोडत नसत. ते जीपच्या बॉनेटवर चढले, डोंगराकडे पाहिलं, थोडे पांढरे पडले आणि कर्ण्यातून म्हणाले, "नागरिकहो, भयभीत होऊ नये. त्वरित पलायन करावे."

गाव जमलं. एवढ्या एस्टी गाड्या गावाने फक्त जत्रेला पाहिल्या होत्या. तानूबाईने चौकशी केली, गाडी कुठं जाणार.

"सुरक्षित स्थळी," साहेब म्हणाले.

"ते कुठल्या तालुक्यात आलं?"

"मातोश्री, शासन नेईल तेथे."

"तिकीट?"

"निःशुल्क."

याचा अर्थ कुणीतरी फुकट असा सांगितला आणि पहिली गाडी बघता बघता भरली. बायकांनी दशम्या बांधून घेतल्या, एकीने पेटी-तबला आत घातला. लाव्हा सलूनवाला अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक घेऊन चढला. गाड्यांत बसलेल्यांचा बेत ज्योतिबाला जायचा ठरत होता आणि खाली राहिलेल्यांचा, साहेबांचं चहापाणी कोण करणार, याच्यावर वाद चालला होता. पळून कुणीच जात नव्हतं.

बापूसाहेब मला दंडाला धरून साहेबांसमोर घेऊन गेले. हाच, म्हणाले. याच्याच तोंडून बातमी निघाली.

"महोदय, एका शब्दात सांगावे," साहेब मला म्हणाले. "ज्वालामुखी वाढला आहे काय?"

"वाढला नाही, वाढवलेला आहे."

"कोणी?"

"देवीने."

साहेबांनी डोंगराकडे पाहिलं. धूर आणखी दाट झाला होता. "अजूनही वाढवीत आहे?"

"नाही साहेब. वाढवला म्हणजे संपवला."

"वाढवला म्हणजे संपवला," साहेब हळू म्हणाले. त्यांनी ते स्वतःशी आणखी एकदा म्हणून पाहिलं. मग बापूसाहेबांना विचारलं, की या गृहस्थांची प्रकृती नेहमी अशी असते काय. बापूसाहेब म्हणाले, हे हंगामी आहेत.

तेवढ्यात डोंगराच्या पायऱ्यांवरून रंगनाथन बाई उतरताना दिसल्या. केस ओले, खांद्यावर पंचा, मागे कढई घासायला घेऊन जोती. साहेब पुढे धावले. बाई काहीतरी म्हणाल्या. साहेब थबकले. मग दोघं एकदम तमिळमध्ये बोलायला लागले. आम्हाला कुणाला काही कळत नव्हतं. बाईंनी केसांकडे बोट केलं, कढईकडे केलं, जोतीकडे केलं, मग पायाखालच्या जमिनीकडे केलं आणि हाताने पुण्यापर्यंतचा मुलूख दाखवला. शेवटी माझ्याकडे बोट केलं. साहेबांनी टोपी काढली आणि घाम पुसला. गावाला शतकभर न सुटलेला प्रश्न त्या दोघांनी पान खाऊन होण्याआधी मिटवला.

साहेब परत बॉनेटवर चढले आणि कर्ण्यातून म्हणाले, "नागरिकहो, हा ज्वालामुखी मृत आहे."

एस्टीतली गाणी थांबली. पोरांची तोंडं उघडी राहिली. हा शब्द मी टाळला होता, आणि तो आता कर्ण्यातून डोंगरापर्यंत जाऊन परत आला होता.

तानूबाई गाडीतून उतरली. जीपपाशी गेली. "साहेब, मृत म्हनू नये. वाढवला म्हनावं."

साहेब खाली उतरले. माणूस खरोखर भाषेचा भुकेला होता. "कंकण भंगले तर?"

"वाढवलं."

"विपणी बंद केली तर?"

मी मध्ये पडून सांगितलं, विपणी म्हणजे दुकान. "वाढवलं," सगळं गाव म्हणालं.

"नारळ?"

"वाढवला."

साहेबांनी टोपी परत डोक्यावर चढवली. "मग मराठीत मोडते तरी काय?"

"लगीन," जोती गुरव म्हणाला आणि कढई घेऊन तळ्याकडे गेला.

तो सहज बोलला असणार. पण मला भर उन्हात एकाएकी थंडी वाजली.

साहेबांनी धावपळीत सकाळीच वर कळवलं होतं की धुपखेड्यातून लोकांना बाहेर काढायला धड रस्ता नाही. ते सरकारी चाक एकदा फिरलं ते फिरलंच. धोका नाही असं कळवल्यावर सरकारने धोका रद्द केला, रस्ता केला नाही. म्हणजे रद्द केला नाही. तो झाला. गावातून निसटण्यासाठी मंजूर झालेल्या त्या डांबरी रस्त्याला गाव अजून पळवाट म्हणतं आणि त्यावरून दर रविवारी वाढलेला ज्वालामुखी पाहायला बाहेरची माणसं आत येतात. पायथ्याच्या त्या दगडाला आता जाळी आहे. फार आग्रह केला तर जाळीतून जीभ लावू देतात.

पण हे पुढचं. त्या दिवशी रिकाम्या एस्टी गाड्या वळून गेल्या, तेव्हा बापूसाहेब रस्त्याचं पक्कं करून घ्यायला प्रांतसाहेबांच्या जीपमध्ये चढत होते. मी धावत गेलो आणि विचारलं, बापूसाहेब, माझं काय.

जीप सुरू झाली होती. बापूसाहेबांनी मागे वळून न बघता हात वर केला.

"घाडगे," ते म्हणाले, "तुमची नोकरी वाढवली."

आणि जीप धुरळ्यात गेली.

रविवारी मी विट्याला गेलो. साबळे मास्तर पडवीत आरामखुर्चीवर बसले होते. शनिवारचा अंक त्यांच्या मांडीवर होता आणि "वाढला" या शब्दाखाली त्यांनी लाल शाईने रेघ मारली होती. सगळी हकीकत त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. पटांगणातल्या माझ्या वाक्याशी त्यांनी मला थांबवलं, ते पुन्हा म्हणायला लावलं, आणि एक मान हलवली. मग विचारलं, "आणि अध्यक्ष काय म्हणाले? त्यांच्या शब्दांत सांगा."

"तुमची नोकरी वाढवली, म्हणाले."

मास्तरांनी अंकाची घडी घातली. ती पुन्हा उघडली. "वाढवली. म्हणजे पगार वाढवतात तशी, की बांगडी वाढवतात तशी?"

"विचारायच्या आत जीप निघाली."

"चेहरा कसा होता?"

"पाठमोरे होते."

"म्हणजे जून उजाडेपर्यंत कळायचं नाही," मास्तर म्हणाले. ते रागावले नव्हते. वाक्य चुकीचं नव्हतं, एवढंच त्यांना खटकत होतं. "घाडगे, मी मुलीचा बाप आहे. दोन अर्थांच्या वाक्यावर मी मुलगी कशी देऊ? कराडच्या मुलाचं वाक्य साधं आहे हो. तो बँकेत आहे. झालं."

बोलण्यासारखं होतं ते मी शुक्रवारी बोलून बसलो होतो. चपला कुठे काढल्या ते बघायला लागलो.

आतल्या दारात बांगड्या वाजल्या. शालन आजवर माझ्यासमोर एकच शब्द बोलली होती आणि तो "साखर" होता. ती उंबऱ्यापाशी उभी राहिली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

"आप्पा," ती म्हणाली, "ऊन झालंय. ह्यांना जेवायला वाढू का?"

मास्तरांनी साऱ्या नोकरीभर पोरांना सर्वनामं शिकवली होती. "घाडग्यांना" नाही, "पाहुण्यांना" नाही. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि मुलीकडे पाहिलं. ती उंबऱ्याकडे पाहत होती, पण जागची हलली नव्हती.

मास्तरांनी अंक मांडीवरून खाली ठेवला.

"वाढ," ते म्हणाले.